दरडोईताई

सरकारी आकडेवारी कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर तिला सगळे दरडोईताई म्हणत. आधी तोंडावर ताई आणि पाठीमागे दरडोई असं होतं. पुढे दोन्ही शब्द एकमेकांना चिकटले आणि तिलाही त्याचं काही वाटेनासं झालं. कामच तसं होतं. एखाद्या प्रांतात वर्षभरात जे पिकलं, विणलं गेलं, खणून काढलं, बांधलं, त्या सगळ्याची मिळून किंमत घ्यायची आणि तिथल्या माणसांच्या संख्येने तिला भागायचं. येईल ते दरडोई उत्पादन. पस्तीसएक वर्षं ती हाच भागाकार करत आली होती. कुणाच्या बढतीची बिस्किटं वाटायची झाली की पुडा आपोआप तिच्या टेबलावर यायचा.

“ताई, दरडोई किती?”

“दोन. उरतील ती तीन शिपाईमामांना.” मान वर न करता ती सांगायची, आणि पुडा रिकामा होईपर्यंत हिशेब चुकत नसे.

बाई नाकासमोर चालणारी. लग्न केलं नाही. विचारायला कुणी आलं नाही, आणि आईला एकटं टाकून जायचं तिच्याही मनात नव्हतं. दोघी एका शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या. दिवसभर खालून शिलाई मशीनची घरघर ऐकू यायची. आई तरुणपणी एका मोठ्या धुलाईखान्यात कपडे पिळायला होती. तिच्या हातांची सालं निघायची, पण तिने लेकीला शाळेतून काढलं नाही. शाळेतल्या बाईंनी मुलीचं गणित पाहून परीक्षेला बसवलं, आणि एकोणिसाव्या वर्षी ती हँडल फिरवायच्या गणकयंत्रापुढे येऊन बसली. पहिल्या हेडक्लार्कने तिला एक सवय लावली होती. भागाकार झाला की उलटा गुणाकार करून पाहायचा, मगच आकडा वहीत उतरवायचा. पुढे यंत्रं बदलली, हेडक्लार्क गेले, पण ही सवय राहिली.

मूळची ती डोंगरपट्ट्यातली. सात वर्षांची असताना आईचं बोट धरून किनाऱ्यावरच्या या शहरात आली. का आलो, हे तिला ढोबळ ठाऊक होतं. आदल्या वर्षी डोंगरात ताप आला होता, त्यात वडील आणि मोठा भाऊ गेले. यापलीकडे आई चकार शब्द काढत नसे. मुलीला स्वतःचं असं थोडंच आठवायचं. दाराची उंच चौकट, भावाने लाकूड तासून दिलेला भोवरा, आणि कुणाचं तरी बाळ रडत असायचं ते. लहानपणी तिने एकदा विचारलं होतं, “आई, आपल्याकडे बाळ होतं?” आई म्हणाली होती, “शेजारच्यांचं गं ते.” विषय तिथेच मिटला.

ती बावन्न वर्षांची झाली त्या साली कार्यालयात नवे संचालक आले. वयाने तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, परदेशात शिकलेले, पण बोलायला मऊ. आल्या आल्या त्यांनी एक मोठं काम हाती घेतलं. देशाच्या पाचही प्रांतांचा शंभर वर्षांचा तक्ता करायचा. किनारपट्टी, नदीकाठ, पठार, खाणपट्टा आणि डोंगरपट्टा. प्रत्येकाचं दरवर्षीचं दरडोई उत्पादन, एका मापात, एका वर्षाच्या भावात. कोण पुढे गेलं, कोण मागे राहिलं, मागचे पुढच्यांना कधी गाठतात का, हे त्यावरून कळणार होतं. आजवर जो तो आपापल्या प्रांताचं दहा-वीस वर्षांचं चित्र घेऊन भांडायचा.

जुनी अक्षरं वाचणारं कार्यालयात तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे आधीची साठ वर्षं तिच्या वाट्याला आली. धान्याची मापं दर खोऱ्यात वेगळी. कापड कुठे हाताने मोजलेलं, कुठे ताग्यांनी. एका जिल्ह्याच्या कागदांना वाळवी लागलेली, दुसऱ्याच्या कागदांवर कुणीतरी शाई सांडलेली. डोळ्यात तेल घालून तिने तीन वर्षं हे सगळं एका मापात आणलं. शेवटी पाच प्रांतांच्या पाच रेघा एका मोठ्या कागदावर आल्या. सगळ्यात वर किनारपट्टी, सगळ्यात खाली डोंगरपट्टा. आपलं गाव सगळ्यात खालच्या रेघेत आहे याचं तिला नवल वाटलं नाही. डोंगरात कुणी श्रीमंत असल्याचं तिने कधी ऐकलंच नव्हतं.

पण त्या खालच्या रेघेत एका ठिकाणी उडी होती. एका वर्षात डोंगरपट्ट्याचं दरडोई उत्पादन सव्वापट झालं होतं. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत किनारपट्टीची रेघ थोडी दबलेली, म्हणजे दोघांमधलं अंतर आणखीच कमी झालेलं.

संचालकांचा चेहरा उजळला. त्यांनी तिला खोलीत बोलावलं.

“ताई, हेच शोधत होतो मी. सगळ्यात मागासलेला प्रांत, ना रस्ता, ना कारखाना, आणि एका वर्षात सव्वापट. काहीतरी चांगलं घडलं असणार तिथे. नवं बियाणं आलं असेल, पाट काढले असतील. ते सापडलं तर बाकीच्यांनाही सांगता येईल. अहवालाचं पहिलं प्रकरण यावरच लिहितोय. मंत्रिसाहेबांच्या कानावरही घातलंय.”

“कोणतं वर्ष, साहेब?”

त्यांनी वर्ष सांगितलं. तिने ते कागदाच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

“फक्त एकदा तपासून द्या. उडी मोठी आहे, नंतर कुणी बोट ठेवायला नको.”

ती आपल्या टेबलाशी आली. भागाकार पुन्हा केला, मग सवयीप्रमाणे उलटा गुणाकार केला. उत्तर बरोबर होतं. गुणाकार करताना मात्र माणसांचा आकडा हाताखालून जातोच. आदल्या वर्षी जिथे शंभर माणसं होती, तिथे या वर्षी बहात्तर होती. एकूण उत्पादन वाढलं नव्हतंच. शंभराचं नव्वद झालं होतं. नव्वदाला बहात्तरने भागलं की सव्वा येतो.

ताप आपल्या घरात आला होता, एवढंच तिला आजवर माहीत होतं. तो अख्ख्या डोंगरात आला होता, आणि शंभरातली अठ्ठावीस माणसं एका वर्षात नाहीशी झाली होती, हे तिला पंचावन्नाव्या वर्षी, स्वतःच्या हस्ताक्षरातल्या कागदावरून कळत होतं.

त्या संध्याकाळी तिने आईला विचारलं, “आई, तापाच्या वर्षी गावातले किती गेले गं?”

आई पायांना तेल चोळत होती. “गेले बरेच,” ती म्हणाली आणि चोळत राहिली. पुढे काही केल्या ताकास तूर लागू देईना.

तेव्हा तिने चार दिवसांची रजा टाकली. छत्तीस वर्षांत आजारपणाशिवाय तिने रजा घेतली नव्हती, म्हणून हेडक्लार्कने आधी अर्ज कुणाचा आहे तेच दोनदा वाचलं. बसने दीड दिवस घेतला. डोंगरातल्या तालुक्याच्या कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदी होत्या. ती खोली सांभाळणारा म्हातारा कारकून ऐकायला कमी होता, पण पाहुणी सरकारी कार्यालयातली आहे म्हटल्यावर त्याने खुर्ची पुसून दिली.

“कोणतं वर्ष पाहिजे?” त्याने विचारलं. तिने सांगितल्यावर तो कपाटाकडे वळला. “ते वर्ष एका वहीत नाही मावलं, बाई. एरवी तीन-चार वर्षांना एक वही पुरते. त्या एका वर्षाच्या सहा आहेत.”

सहाही त्याने आणून ठेवल्या. पहिल्या वहीतलं अक्षर वळणदार होतं. तिसऱ्या वहीपासून अक्षर बदललं. आधी लिहिणाऱ्याचं स्वतःचंच नाव दुसऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर होतं. पाचव्या वहीत नुसती घराची खूण, वय, आणि स्त्री की पुरुष, एवढंच. लिहिणाऱ्याला वेळ नव्हता.

आपल्या गावाचं पान तिला दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. वडील, वय एकतीस. चार दिवसांनी भाऊ, वय नऊ. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याच घराच्या खुणेपुढे, आणखी एक ओळ होती. ‘मुलगी, चार महिने.’ नावाच्या जागी काहीच नव्हतं.

तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, आणि बोट तिथून काढवेना. म्हाताऱ्या कारकुनाने पाहिलं. तो उठून बाहेर गेला आणि पाण्याचा पेला घेऊन आला.

“घरचं कुणी?” पेला पुढे ठेवत तो म्हणाला.

“तिघं.”

“माझे पाच,” तो म्हणाला. “याच वह्यांत आहेत. म्हणून तर ही खोली मी मागून घेतली.”

रविवारी सकाळी ती घरी पोचली. आई खिडकीशी बसून धान्य निवडत होती. लेक हातपाय धुऊन समोर येऊन बसली, ताटातलं थोडं धान्य आपल्यापुढे ओढलं आणि तीही खडे वेचू लागली.

“आई, ते बाळ शेजारच्यांचं नव्हतं.”

आईचे हात थांबले.

“वहीत आहे. चार महिन्यांची मुलगी. नाव लिहिलेलं नाही.”

“नाव होतं तिला,” आई म्हणाली. “लिहायला आलेल्याने विचारलंच नाही. आणि मी तरी कुठे सांगण्याच्या शुद्धीत होते.” मग तिने ते नाव सांगितलं. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा. सांगताना आवाज इतका साधा होता, जणू रोज हाक मारत होती.

“मला का नाही सांगितलंस?”

“तुझ्या पाठची. तू तिला दिवसभर कडेवर घेऊन हिंडायचीस. तू पण तापात होतीस. उठलीस तेव्हा तुला काही आठवेना. म्हटलं, बरं झालं. एकीने तरी हे ओझं वाहायला नको.”

थोडा वेळ दोघी खडे वेचत राहिल्या. मग लेकीने आपलं काम आईला सांगितलं, छत्तीस वर्षांत प्रथमच नीट. त्या वर्षी डोंगराची रेघ कशी वर गेली, साहेब कसे खूश झाले, दरडोई म्हणजे काय.

“डोईमागे किती, असंच ना?” आई म्हणाली.

“हो.”

“मग खरं आहे तुझ्या साहेबाचं. पेरण्या आटपल्या आणि मग ताप आला. पिकाला काय ठाऊक, खाणारे गेलेत ते? ते आपलं वाढलं. निम्मं कापायला माणूस नव्हतं, तरी घरोघर कणग्या भरल्या. त्या हिवाळ्यात आपण दोघी पोटभर जेवलो गं. चार माणसांचं धान्य आणि खाणाऱ्या दोघी. एरवी दिवस मोजून खायचो. त्या वर्षी मी तुला म्हणायचे, आणखी घे, आणखी घे. आणि तू खायचीस. मला तो घास उतरायचा नाही. जे उरलंय ते कुणाच्या वाट्याचं आहे, ते दिसायचं ना समोर. म्हणून तर उठून इकडे आले. नाहीतर जमीन होती, घर होतं. लोक म्हणाले, आता सुगी आहे तर ही निघाली कुठे.”

लेकीने तिचा हात धरला. त्या दिवशी स्वयंपाक उशिरा झाला.

सोमवारी ती संचालकांच्या खोलीत गेली तेव्हा त्यांच्यासमोर पहिल्या प्रकरणाचा टंकलेखित मसुदा होता.

“तपासलंत? गणित चुकलं नाही ना कुठे?”

“गणित बरोबर आहे, साहेब. वर काय आहे आणि खाली काय आहे, तेवढं बघा.” तिने दोन आकड्यांचा कागद पुढे ठेवला.

त्यांनी वाचलं. हुशार माणूस, दुसऱ्यांदा वाचायची गरज पडली नाही. हातातली पेन्सिल त्यांनी खाली ठेवली.

“साथ?”

“ताप. त्या तालुक्याच्या सहा वह्या भरल्यात.”

“आणि किनारपट्टी त्यानंतर दबते ती?”

“उरलेल्यांतले बरेच जण इकडे आले. रिकाम्या हातांनी आलेली माणसं. पहिली दोन-तीन वर्षं काय कमावणार? इकडची डोकी वाढली, तिकडची कमी झाली. त्यात मी आहे, साहेब. सात वर्षांची होते. आधी या रेघेत होते, मग या.” तिने कागदावर दोन्ही ठिकाणी बोट ठेवून दाखवलं.

त्यांनी तो कागद मसुद्यावर ठेवला. मग म्हणाले, “ताई, आकडा तर खोटा नाही. काढून टाकता येणार नाही.”

“काढा असं मी म्हणत नाही. एकटा छापू नका. प्रत्येक प्रांताचे तीन रकाने करा. एकूण उत्पादन, माणसं आणि मग दरडोई. शंभरही वर्षांचे.”

“पाच प्रांतांचे पंधरा रकाने? पानात मावणार नाहीत.”

“मग पान मोठं घ्या आणि घडी घाला.”

“छापखानेवाला माझ्या नावाने खडे फोडेल. सहा महिने तरी उशीर होईल. आणि मंत्रिसाहेबांना मी आधीच सांगून बसलोय.”

ती उभीच राहिली. तिला वाद घालता येत नसे. छत्तीस वर्षांत तिने कुठल्याच साहेबाला नाही म्हटलं नव्हतं.

“साहेब, आईने काल मला सांगितलं. त्या वर्षी आम्ही पोटभर जेवलो, कारण घरातली तिघं गेली होती. तुमच्या प्रकरणात आम्ही दोघी आहोत. आमची भरभराट झाली असं लिहिलंय.”

तिसऱ्या दिवशी संचालकांनी पहिलं प्रकरण मागे घेतलं आणि पंधरा रकान्यांचा तक्ता करायला सांगितला. उशीर आठ महिन्यांचा झाला, वरून दोन कडक पत्रं आली, आणि त्यांची ठरलेली परदेशातली नेमणूक दुसऱ्याला मिळाली. याबद्दल ते तिच्याशी एका शब्दाने बोलले नाहीत. तिला ते हेडक्लार्ककडून कळलं.

आणि तरीही मंत्र्यांच्या भाषणात ते वाक्य आलंच. दोघी मायलेकी रेडिओ ऐकत होत्या. डोंगरपट्ट्यातल्या कष्टाळू जनतेने साधनांशिवाय एका वर्षात सव्वापट प्रगती केली, तिचा आदर्श सर्वांनी घ्यावा, असं मंत्री म्हणाले. लेकीचा चेहरा पडला. आई शांतपणे म्हणाली, “त्यांना जुना कागद मिळालेला दिसतो.”

अहवाल निघाला तेव्हा त्यात जाड कागदाचं एक घडीचं पान होतं. वाचणारे ते उलगडायचे आणि पुन्हा घालताना घडी चुकवायचे. वर्षभरात बऱ्याच प्रती घडीवर फाटल्या. ग्रंथालयातल्या प्रतीला ती स्वतः जाऊन मागच्या बाजूने कापडी पट्टी चिकटवून आली. डोंगरातल्या त्या म्हाताऱ्या कारकुनाला तिने एक प्रत पाठवली. त्याचं उत्तर आलं की मोठं पान भिंतीवर लावलं आहे, आणि लोक येऊन माणसांचा रकानाच तेवढा वाचतात.

निवृत्तीच्या पहिल्याच वर्षी आई गेली. नोंदणी कचेरीतल्या मुलीने अर्ज भरून घेताना विचारलं, “मयताची मुलं किती?”

“तीन. हयात एक.”

“नावं हयात असलेल्यांचीच लागतात, काकू.”

“तिघांची लिहा,” ती म्हणाली. मुलीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि रकाना अपुरा होता तरी तिन्ही नावं बारीक अक्षरात बसवली. ती समोर उभी राहून एकेक अक्षर सांगत होती.

तीन वर्षांनी, ती त्रेसष्टाची असताना, एका दूरच्या देशातून पत्र आलं. लिहिणारी बाई तिकडच्या विद्यापीठात शिकवायची. तिच्या देशातही चार प्रांत, त्यांचीही दरडोई रेघ तिने शंभर वर्षं मागे नेली होती, आणि एका गरीब प्रांताची रेघ एके वर्षी अशीच वर गेली होती. घडीच्या पानावरून तिला शंका आली होती. विचारलं होतं, तुम्हाला खाली बघायचं कसं सुचलं? पत्राचं उत्तर लिहायला दरडोईताईंना तीन आठवडे लागले. उलट्या गुणाकाराची सवय, वह्या कशा वाचायच्या, स्थलांतराची माणसं कोणत्या प्रांतात धरायची, हे सगळं त्यांनी क्रमाने लिहिलं. घरचं काही लिहिलं नाही. तिकडून कागदांचा गठ्ठा आला, मग आणखी एका देशातून आला. पगार नाही, हुद्दा नाही, पण काम पुन्हा सुरू झालं.

आता त्यांची नजर पार अधू झाली आहे. दुपारी खालची शिंपीण मशीन बंद ठेवून तासभर वर येते आणि आकडे वाचून दाखवते. ताई भागाकार तोंडी करतात. पहिल्या दिवशी कागद उलगडून तिने विचारलं होतं, “एवढे रकाने आहेत, ताई. आधी कुठला वाचू?”

“माणसांचा. सावकाश वाच, घाई नाही.”

शिंपिणीने पदराने चष्मा पुसला आणि पहिल्या वर्षापासून वाचायला सुरुवात केली.